हवानाचा झाडू : एदुआर्दो चिबास

क्यूबा म्हटले की आपल्यापुढे साखर, सिगार आणि दाढीवाला फिडेल कॅस्ट्रो ही तीन चित्रे हटकून उभी राहतात. १९८३ साली अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी कॅस्ट्रो नवी दिल्लीला आला होता, त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतही तो चेहरा आहे. पण बंदूक हाती घेण्यापूर्वी हा कॅस्ट्रो कोणत्या पक्षात होता, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. तो साम्यवादी पक्षात नव्हता. निवडणुकीवर विश्वास ठेवणारा, कम्युनिस्टांपासून आणि धनिकांच्या जुन्या पक्षांपासून सारखेच अंतर राखणारा, सरकारी तिजोरीची लूट थांबविणे हे आपले पहिले कर्तव्य मानणारा असा एक मध्यममार्गी पक्ष त्या काळी क्यूबात होता. त्या पक्षाची निशाणी झाडू होती. कॅस्ट्रो त्या पक्षातून राजकारणात आला, आणि त्या पक्षाचा प्राण होता एदुआर्दो चिबास.

राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी क्यूबाचा इतिहास वाचताना हे नाव मला वारंवार भेटत गेले. क्रांतीच्या कथेत त्याला दोन-चार पाने मिळतात आणि मग कथा डोंगरातल्या गनिमांकडे वळते. मला मात्र त्या दोन-चार पानांनीच धरून ठेवले. भ्रष्टाचार हा शब्द आपण वर्गात, कट्ट्यावर, घरी जेवताना इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याची धार बोथट झाली आहे. सगळे चोर आहेत, एखादा स्वच्छ माणूस वर आला पाहिजे, हे आपले आवडते निदान आणि आवडते औषध. चिबास हा असा स्वच्छ माणूस होता आणि तो वर येत होता. पुढे त्याचे काय झाले आणि का झाले, हे आपण नीट पाहिले पाहिजे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

चिबासचा जन्म १५ ऑगस्ट १९०७ रोजी क्यूबाच्या पूर्वेकडील सांतियागो या शहरात झाला. ही तारीख आपल्याला दुसऱ्या कारणाने पाठ आहे. वडील अभियंता, घर सुखवस्तू. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळांतून, आधी सांतियागोच्या दोलोरेस विद्यालयात आणि नंतर हवानाच्या बेलेन विद्यालयात. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी कॅस्ट्रोही याच दोन शाळांच्या बाकांवर बसला. हवाना विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी म्हणून चिबास दाखल झाला, तेव्हा वकिली करून आरामात जगण्याची सारी सोय त्याच्यापाशी होती.

परंतु देशाची स्थिती आरामात जगू देणारी नव्हती. १८९८ साली स्पेनची सत्ता गेली, चार वर्षे अमेरिकेचे सैन्य राहिले आणि २० मे १९०२ रोजी क्यूबा प्रजासत्ताक झाले. मात्र प्लॅट दुरुस्ती म्हणून ओळखले जाणारे एक कलम त्या देशाच्या राज्यघटनेला जोडण्यात आले होते. त्यान्वये वाटेल तेव्हा क्यूबात हस्तक्षेप करण्याचा अधिकार अमेरिकेने स्वतःकडे ठेवला. म्हणजे घर मिळाले, पण किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला! पीक एकच, ऊस. गिऱ्हाईक मुख्यतः एकच, अमेरिका. साखरेचा भाव चढला की हवानात दिवाळी, उतरला की शिमगा. अशा देशात उद्योग-व्यापाराच्या मोठ्या वाटा परक्यांच्या हाती असल्याने श्रीमंत होण्याची सर्वांत सोपी वाट सरकारातून जात होती. क्यूबातील भ्रष्टाचाराचे मूळ केवळ माणसांच्या लोभात नव्हते, ते या रचनेत होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची कथा नीट समजते.

१९२४ च्या निवडणुकीत निवडून आलेला अध्यक्ष हेरार्दो माचादो याने काही वर्षांतच घटना वाकवून आपली मुदत वाढवून घेतली. त्याला पहिला विरोध केला विद्यापीठातल्या मुलांनी. १९२७ साली विद्यार्थ्यांनी जे संचालक मंडळ स्थापन केले त्यात विशीतला चिबास होता. त्याची विद्यापीठातून हकालपट्टी झाली. तुरुंग झाला, परदेशी आश्रय घेणेही झाले. ऑगस्ट १९३३ मध्ये सार्वत्रिक संपाने देश ठप्प झाला आणि माचादो पळाला. ४ सप्टेंबरला लष्करातील सार्जंटांनी उठाव केला. त्यांचा पुढारी फुल्हेन्सिओ बातिस्ता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कथेच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे. सार्जंट आणि विद्यार्थी यांच्या एकजुटीतून एक नवे सरकार आले आणि विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून अध्यक्षपद मिळाले त्यांच्याच एका प्राध्यापकाला. शरीरक्रियाशास्त्र शिकविणारे डॉ. रामोन ग्राऊ सान मार्तीन हे ते प्राध्यापक.

ग्राऊंचे सरकार जेमतेम चार महिने टिकले. पण त्या चार महिन्यांत आठ तासांचा कामाचा दिवस ठरला, स्त्रियांना मताधिकार मिळाला, विद्यापीठाला स्वायत्तता मिळाली, आणि निम्मे नोकर तरी क्यूबनच असले पाहिजेत असा नियम कारखाने-दुकानांना लागू झाला. अमेरिकेने या सरकारला मान्यता दिली नाही. जानेवारी १९३४ मध्ये बातिस्ताने ग्राऊंना दूर केले आणि पुढली दहा वर्षे कधी पडद्याआडून तर कधी उघडपणे तोच राज्य करीत राहिला. ग्राऊंच्या अनुयायांनी एक पक्ष काढला. स्वातंत्र्यवीर होसे मार्ती याने १८९२ साली स्थापिलेल्या पक्षाचेच नाव त्यांनी घेतले आणि स्वतःला औतेंतिको, म्हणजे अस्सल, म्हणवून घेतले. यथावकाश चिबास त्यात सामील झाला. १९४० ची लोकशाही राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत तो होता, नंतर तो प्रतिनिधिगृहात गेला, आणि १९४४ साली ग्राऊ प्रचंड उत्साहाच्या लाटेवर अध्यक्षपदी निवडून आले तेव्हा तोही सिनेटर झाला. त्या विजयासाठी गावोगाव घसा कोरडा करणाऱ्यांत तो पुढे होता. दहा वर्षांचे स्वप्न खरे झाले, असे त्या पिढीला वाटले.

आणि इथूनच खरी शोकांतिका सुरू होते. बातिस्ताच्या राजवटीत चोरी झाली याचे कोणाला आश्चर्य वाटले नव्हते, तो शिपाईगडी होता. पण अस्सल म्हणविणाऱ्यांचे, प्राध्यापकाचे, विद्यार्थी चळवळीतून वर आलेल्यांचे सरकार त्याच वाटेने गेले. न करता मिळणाऱ्या सरकारी पगाराला क्यूबात बोतेया, म्हणजे बाटली, म्हणत. पुढाऱ्याने कार्यकर्त्याला बाटली द्यायची, कार्यकर्त्याने महिन्याच्या महिन्याला ती तोंडाला लावायची. शिक्षण खात्याची तर दैना झाली. ग्रामीण शाळांसाठी साखरेवर बसविलेल्या करातून त्या खात्याला मोठा निधी मिळे, आणि तो खर्च करण्याचा अधिकार कायद्याच्या एका पोटकलमाने मंत्र्याकडे दिला होता. शिक्षणमंत्री होसे मान्युएल आलेमान याने या पोटकलमाचे कुरण केले. जे पैसे मास्तरांच्या पगारात जायचे ते मतांच्या बाजारात आणि मायामीतील जमीनजुमल्यात गेले. विद्यापीठाच्या आवारात पिस्तुले बाळगणाऱ्या टोळ्या माजल्या आणि टोळ्यांच्या म्होरक्यांना पोलिसांत हुद्दे मिळाले. मार्च १९४६ मध्ये तर हवानाच्या संसद भवनाच्या फरशीत बसविलेला हिराच चोरीला गेला. देशातील रस्त्यांची अंतरे त्या हिऱ्यापासून मोजली जात. वर्षभरानंतर तो अवतरला तो थेट राष्ट्राध्यक्ष ग्राऊंच्या टेबलावर! तो कोणी ठेवला याचा उलगडा झाला नाही. नाटककाराने असा प्रसंग लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते.

चिबासपुढे प्रश्न होता तो असा. चोरी करणारे परके नव्हते. तुरुंगातले सोबती होते, आणि त्यांच्या डोक्यावर ज्यांना त्याने गुरू मानले ते ग्राऊ होते. काही काळ त्याने ग्राऊंना यातून वगळून पाहिले, दोष भोवतालच्या माणसांना दिला. पण ज्या हाताने चोरांना मंत्रिपदे दिली तो हात किती काळ वगळणार? अखेर त्याने नाते तोडले. १५ मे १९४७ रोजी क्यूबन जनता पक्ष स्थापन झाला. मूळ मार्ग आम्ही सोडला नाही, या अर्थाने लोक त्याला ऑर्तोदोक्सो म्हणू लागले. चिबासचे टीकाकार सांगतात की ग्राऊंनंतर अध्यक्षपदाची उमेदवारी आपल्याला मिळणार नाही, ती कार्लोस प्रिओकडे जाणार, हे दिसल्यावरच त्याला शुचितेची आठवण झाली. त्याला महत्त्वाकांक्षा होती हे खरेच. तो देव नव्हता, रागीट होता, आपला शब्द खाली पडू न देणारा होता. प्रतिस्पर्ध्यांशी त्याने तलवारीची द्वंद्वेसुद्धा खेळली. परंतु महत्त्वाकांक्षी माणसाला सत्ताधारी पक्षात राहून तडजोड करणे अधिक सोयीचे असते. सत्ता सोडून नव्या पक्षाच्या रिकाम्या कचेरीत बसणे ही महत्त्वाकांक्षेची नेहमीची वाट नव्हे.

या पक्षाचा कार्यक्रम काय होता? आर्थिक स्वातंत्र्य, राजकीय स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय, ही त्याची तीन सूत्रे. जमिनीच्या वाटणीत सुधारणा हवी, परकी वीज आणि टेलिफोन कंपन्यांवर अंकुश हवा, पण हे सारे १९४० च्या घटनेच्या चौकटीत आणि मतपेटीच्या मार्गाने. कम्युनिस्टांशी चिबासचे कधी जमले नाही. धनिकांच्या पक्षांशी हातमिळवणी करून चार जागा पदरात पाडून घेण्यासही त्याचा ठाम नकार होता. यावरून त्याच्या स्वतःच्या पक्षातच भांडणे झाली. प्रांतांतल्या पुढाऱ्यांना युती हवी होती, कारण त्यांना निवडून यायचे होते. चिबासला वाटे, ज्यांना झाडायचे त्यांच्याबरोबरच जेवायला बसलो तर झाडू धरायचा कोणत्या हाताने? निशाणी झाडूची आणि घोषणा पैशाला लाज दाखविणारी. स्पॅनिश भाषेत लाज आणि अब्रू यांना एकच शब्द आहे, आणि चिबासने नेमका तो शब्द पैशाच्या समोर उभा केला. आपण मराठीत एखाद्याला लाजलज्जा आहे की नाही असे विचारतो, तसाच हा रोकडा प्रश्न होता. तो साखर कामगारालाही समजला आणि प्राध्यापकालाही.

हा प्रश्न घरोघर पोहोचला तो रेडिओने. दर रविवारी रात्री आठ वाजता सीएमक्यू या केंद्रावरून चिबास बोलत असे. ठेंगणासा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा माणूस व्यासपीठावर फारसा रुबाबदार दिसत नसावा, पण ध्वनिक्षेपकासमोर त्याचा आवाज चढत जाई आणि सारा देश कान देऊन ऐके. तो मोघम बोलत नसे. कोणत्या खात्यात, कोणत्या मंत्र्याने, कोणत्या कामात पैसा खाल्ला, हे तो नावानिशी सांगे. ज्या देशात वर्तमानपत्रांतही सरकारी पैसा मुरत होता तिथे हे रविवारचे अर्धे-पाऊण तास म्हणजे लोकांचे न्यायालय झाले. इथे फिर्यादी चिबास, न्यायाधीश श्रोते. आरोपी मात्र गैरहजर. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा वळणार आहे.

१ जून १९४८ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. पक्ष अवघ्या वर्षाचा, खिसा रिकामा, युती नाही. चिबास तिसरा आला, पण शंभरातील सोळा मते त्याला पडली. सत्ताधाऱ्यांचा उमेदवार कार्लोस प्रिओ विजयी झाला. तोही माचादोविरोधी विद्यार्थी चळवळीतलाच! प्रिओच्या राज्यात लुटीचा प्रवाह थांबला नाही. १९४९ साली सिनेटर पेलायो क्वेर्वो नाव्हारो याने ग्राऊ सरकारातील मंडळींनी १७ कोटी ४० लाख पेसो गिळंकृत केल्याची रीतसर फिर्याद न्यायालयात दाखल केली. पेसो तेव्हा डॉलरच्या बरोबरीने चालत असे, यावरून या रकमेचा अंदाज यावा. हा खटला ८२ क्रमांकाचा खटला म्हणून गाजला. जुलै १९५० मध्ये सशस्त्र माणसांनी न्यायालयात शिरून त्या खटल्याची कागदपत्रेच पळवून नेली. पुरावा मागणाऱ्या राज्यात पुराव्याची ही अवस्था होती. चिबासलाही न्यायाधीशांवर केलेल्या टीकेपायी १९४९ साली तुरुंगात जावे लागले. त्याने त्याची लोकप्रियता वाढलीच. जून १९५० मध्ये तो हवानातून पुन्हा सिनेटवर निवडून आला, आणि त्याच वेळी अध्यक्षांचा सख्खा भाऊ आंतोनिओ प्रिओ सारी सरकारी ताकद पाठीशी असताना हवानाच्या महापौरपदाची निवडणूक हरला. वारे कोणत्या दिशेने वाहते आहे हे सर्वांना कळले. १९५२ च्या जूनमध्ये पुढची अध्यक्षीय निवडणूक होती आणि चिबास अध्यक्ष होणार असे त्याचे शत्रूही मानू लागले.

चार वर्षांत एक पक्ष शून्यातून सत्तेच्या उंबरठ्यापर्यंत आला. पैशावाचून, युतीवाचून, बंदुकीवाचून. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून उत्साहजनक उदाहरण कोणते? तरीही या उंबरठ्यावरच सारे कोसळले.

१९५१ च्या उन्हाळ्यात चिबासने शिक्षणमंत्री आवरेलिआनो सांचेस आरांगो याच्यावर आरोप केला की, शाळांच्या निधीतून पैसे काढून त्याने ग्वातेमालात मालमत्ता घेतली. सांचेस आरांगो हाही माचादोविरुद्ध लढलेला जुना विद्यार्थी नेता. आलेमानने नासविलेले शिक्षण खाते थोडेफार ताळ्यावर आणले ते यानेच, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे चोरांनी भरलेल्या मंत्रिमंडळात चिबासने बोट ठेवले ते बहुधा त्यातल्या त्यात कमी डागाळलेल्या माणसावर. मंत्र्याने आरोप साफ नाकारला आणि उलट आव्हान दिले, पुरावा दाखव. चिबासने पुरावा आणण्याचे वचन दिले. आठवडे गेले. ज्यांच्या भरवशावर त्याने आरोप केला होता त्यांनी अखेरीस हात वर केले, असे सांगितले जाते. पुरावा आला नाही. आजवर ज्या रविवारच्या भाषणाची मंत्र्यांना धास्ती होती त्याच भाषणाची आता टिंगल होऊ लागली. ज्याने लाजेलाच आपले भांडवल केले होते त्याच्यावर खोटारडा म्हणवून घेण्याची पाळी आली.

५ ऑगस्ट १९५१, रविवार. चिबास नेहमीप्रमाणे ध्वनिक्षेपकासमोर बसला. आरंभी त्याने गॅलिलिओची आठवण दिली. त्यालाही धर्मसत्तेने पुरावा मागितला होता, त्यालाही तो हातावर ठेवून दाखविता आला नव्हता, पण म्हणून पृथ्वी फिरायची थांबली नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. मग सरकारातील भ्रष्टाचार, बातिस्ताच्या पुनरागमनाचा धोका, आणि शेवटी लोकांना जागे होण्याची हाक, जणू दारावरची अखेरची थाप. एवढे बोलून त्याने पिस्तूल काढले आणि स्वतःच्या पोटात गोळी झाडली. साऱ्या देशाने ही गोळी ऐकावी असा त्याचा हेतू असावा. परंतु त्याची ठरलेली वेळ संपली होती आणि प्रक्षेपण जाहिरातींकडे वळले होते. लोकांच्या कानी बंदुकीचा आवाज गेलाच नाही. अकरा दिवस तो रुग्णालयात मृत्यूशी झुंजला आणि १६ ऑगस्टला, चव्वेचाळिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मरण पावला. हवाना विद्यापीठाच्या सभागृहात त्याचा देह ठेवला गेला. शवपेटीपाशी खडा पहारा देणाऱ्यांत एक तरुण वकील होता, फिडेल कॅस्ट्रो. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी लाखांत मोजली गेली.

त्या गोळीला हौतात्म्य म्हणण्याचा मोह क्यूबातल्या अनेकांना झाला. मला तो होत नाही. ज्या माणसाकडे दहा महिन्यांनी राष्ट्राची धुरा येण्याची शक्यता होती त्याने लोकांसाठी जिवंत राहणे हेच अधिक कठीण आणि अधिक मोलाचे होते. एका आरोपाचा पुरावा मिळाला नाही, एवढे रविवारी रात्री सरळ सांगितले असते तर थोडी मानहानी झाली असती, आणि ज्या लोकांनी त्याला चार वर्षे ऐकले त्यांनी तेही ऐकून घेतले असते. पण हे त्याला जमले नाही याचे कारण केवळ त्याच्या स्वभावात शोधणे मला अपुरे वाटते. ते त्याच्या पक्षाच्या घडणीतही आहे. ऑर्तोदोक्सो पक्ष म्हणजे चिबासचा आवाज. आरोप तोच शोधणार, तोच मांडणार, त्याची शहानिशाही तोच करणार. पेलायो क्वेर्वोने न्यायालयाची किचकट वाट धरली आणि कागद जमविले. ते कागद चोरांनी पळविले, यातच त्या कागदांची किंमत दिसते. चिबासची वाट वेगवान होती, पण तिथे आरोपाला तपासणारा दुसरा माणूस नव्हता. सबंध पक्षाची पत एका माणसाच्या शब्दावर उभी, त्यामुळे एक शब्द पोकळ निघताच सारी इमारत हादरली. शब्द मागे घेणे म्हणजे पक्ष बुडविणे, असे त्याला वाटले असेल तर नवल नाही.

पुढे जे घडले ते फार वेगाने घडले. पक्षाने समाजशास्त्राचे प्राध्यापक रोबेर्तो आग्रामोन्ते यांना उमेदवारी दिली. चिबासच्या पुण्याईवर ते निवडून येतील असाच अंदाज होता. बातिस्ताही रिंगणात होता, पण मागे पडलेला. १० मार्च १९५२ च्या पहाटे तो हवानाच्या मुख्य लष्करी तळात शिरला आणि काही तासांत सत्ता त्याच्या हाती आली. प्रिओने देश सोडला. निवडणूक झालीच नाही. सरकार वाचविण्यासाठी फारसे कोणी रस्त्यावर आले नाही, आणि याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चार वर्षे दर रविवारी लोकांना सांगितले गेले होते की हे सरकार चोरांचे आहे, आणि ते खरेही होते. अशा सरकारसाठी कोण छाती पुढे करणार? पण त्या सरकारबरोबर घटना गेली, संसद गेली, मतपेटी गेली. चोराला घराबाहेर काढताना घर आपले आहे हे लोकांच्या मनावर ठसविण्याचे काम राहून गेले होते. याचा सगळा दोष चिबासला देणे अन्यायाचे होईल. दोष आधी लुटणाऱ्यांचा आणि मग बंदूक रोखणाऱ्याचा. तरी भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा असे मला वाटते.

रद्द झालेल्या त्या निवडणुकीत कॅस्ट्रो ऑर्तोदोक्सो पक्षातर्फे प्रतिनिधिगृहाचा उमेदवार होता. आधी त्याने बातिस्ताविरुद्ध न्यायालयात अर्ज केला, त्याचा उपयोग झाला नाही. मग २६ जुलै १९५३ रोजी सांतियागोच्या मोंकादा बराकीवर त्याने हल्ला चढविला. त्याच्या सोबत्यांपैकी पुष्कळ तरुण याच झाडूवाल्या पक्षातले होते. मतपेटी बंद झाली तेव्हा त्या पिढीने बंदूक उचलली. चिबासचा धाकटा भाऊ राउल याने १९५७ साली डोंगरात जाऊन कॅस्ट्रोबरोबर एका जाहीरनाम्यावर सही केली. त्यात मोकळ्या निवडणुकांचे वचन होते. त्याच वर्षी ८२ क्रमांकाच्या खटल्याचा फिर्यादी पेलायो क्वेर्वो बातिस्ताच्या पोलिसांकडून मारला गेला. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला. त्याच महिन्यात कॅस्ट्रो चिबासच्या समाधीपाशी गेला आणि क्रांतीचे श्रेय त्याने त्याच्या शिकवणुकीला दिले. निवडणुकांचे वचन मात्र विरून गेले. आग्रामोन्ते काही महिने परराष्ट्रमंत्री होते. १९६० साल सरण्यापूर्वी ते आणि राउल चिबास दोघेही परागंदा झाले. मध्यममार्गाला जागा उरली नाही. चिबास कम्युनिस्टांपासून दूर राहिला होता. त्याच्या देशात साम्यवादी पक्ष हाच एकमेव पक्ष ठरला.

मग चिबासच्या आयुष्याची बेरीज काय करायची? हरलेला म्हणून त्याला सोडून देता येत नाही. राजकारणात पैशावाचून काही होत नाही, हे आपण ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतो. त्याला चिबासने आकड्यांनी उत्तर दिले आहे. एका वर्षात शंभरी सोळा मते, तीन वर्षांत राजधानी, आणि पाचव्या वर्षी हाताच्या अंतरावर आलेले अध्यक्षपद. सामान्य माणूस लाचार आहे, त्याला फुकटची बाटलीच हवी असते, हेही त्याने खोटे ठरविले. कोणी खरे बोलतो आहे असे वाटले तर लोक आठवड्याच्या आठवड्याला वाट पाहून ऐकतात.

पण त्याच आयुष्याने हेही शिकविले की स्वच्छतेचा आवाज आणि स्वच्छतेची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज एका माणसाचा असू शकतो. व्यवस्थेला माणसे लागतात: हिशेब तपासणारी, कागद जपणारी, नेत्याचा आरोपसुद्धा प्रसारित होण्यापूर्वी उलटतपासणीला घेणारी, आणि नेता चुकला तर त्याला ते तोंडावर सांगून घरी सुखरूप पोहोचविणारी. चिबासभोवती भक्त पुष्कळ होते. त्या जुलै महिन्यात त्याला थांब म्हणणारा एक हिशेबनीस असता तर कदाचित क्यूबाचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्या देशातही २०१२ साली निघालेल्या एका पक्षाने झाडू हीच निशाणी घेतली. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे आणि तो माझा अधिकारही नव्हे. परंतु झाडूकडे नीट पाहिले तर एक गोष्ट आपल्या घरातल्या कोणाही बाईला ठाऊक असते. एक दिवस जोर लावून झाडल्याने घर स्वच्छ राहत नाही, ते रोज झाडावे लागते. आणि एकच माणूस झाडणारा असेल तर तो आजारी पडल्या दिवशी केर दारापर्यंत येतो. आपण विद्यार्थ्यांनी मंत्र्यांच्या हिशेबावर बोलावे, अवश्य बोलावे. त्याआधी आपल्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब पावत्यांसह फलकावर लावण्याची सवय करून घ्यावी, आणि तो कोणी तपासायला मागितला तर राग मानू नये. चिबासचे राजकारण जिथे अपुरे राहिले तिथून पुढे जाण्याची ती पहिली पायरी आहे.